शोभाबाईंचा डबा आणि स्लाव्हांची विशेषणं

सुलोचनाबाईंना फक्त अर्धा तास हवा होता. शाल नको होती, नारळ नको होता, हारही नको होता. पुलगावात कुणीतरी समोर बसून त्यांचं अर्धा तास ऐकावं, एवढीच इच्छा. विषय त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवला होता: ‘आदिस्लाव्ह भाषेतील विशेषणांचा उगम’.

आता यात हसण्यासारखं काय आहे, ते त्यांना कळत नसे. माणसं म्हातारपणी भजन करतात, गुडघ्यांवर बोलतात, सुनांवर तर बोलतातच. सुलोचनाबाई विशेषणं करत होत्या. सकाळी कपडे वाळत घातले की टेबलाशी बसायच्या आणि रशियन, पोलिश, बल्गेरियन असे तीन कोश उघडून, दीड हजार वर्षांपूर्वी ‘नवा’, ‘हलका’, ‘गोड’ हे शब्द त्या लोकांचे पूर्वज कसे उच्चारत असतील याचा माग काढायच्या. त्या पूर्वजांनी एक ओळसुद्धा लिहून ठेवली नव्हती. त्यामुळे असा शब्द लिहिताना त्याच्या डोक्यावर एक छोटा तारा काढायचा, अशी विद्वानांची रीत आहे. ताऱ्याचा अर्थ एवढाच, की हा शब्द कुणी लिहिलेला नाही, कुणी ऐकलेला नाही, आपण अंदाजाने बांधलाय.

आणि ऐकणाऱ्याची एवढी ओढ का, तेही सांगायला हवं. सुलोचनाबाईंची सगळी नोकरी लष्कराच्या दारूगोळा डेपोच्या कचेरीत गेली. रशियाहून खोकी येत, खोक्यांबरोबर कागद येत, आणि त्या कागदांचं इंग्रजी त्या करत. काय वाचलं, काय लिहिलं, ते घरी सांगायचं नाही, शेजारी सांगायचं नाही, झोपेतही बोलायचं नाही, अशी शपथ होती. तेव्हा साऱ्या कॉलनीला उत्सुकता! हळदीकुंकवाला बायका मुद्दाम शेजारी येऊन बसत. “सांग न वो सुलोचना, काय लिवलं राह्यते त्या कागदाईवर?” सुलोचनाबाई हसून वाण घेऊन उठत. नवऱ्यानं, म्हणजे कापडगिरणीतल्या हेमराजनीही, कधी विचारलं नाही. संध्याकाळी बायको घरी आली की ते “चहा ठेवू?” एवढंच विचारत आणि ठेवतही. दिवस कसा गेला, हा प्रश्न त्या घरात निषिद्ध होता आणि पुढे त्याची सवयच मोडली.

आता निवृत्तीनंतर त्यांना असा विषय सापडला होता, की ज्यात गुपित म्हणून काही नाही. वाट्टेल तेवढं सांगा, भर चौकात सांगा. तर कुणी विचारीना!

हेमराजना सांगून पाहिलं. ते “अच्छा” म्हणाले आणि झाडांना पाणी घालायला गेले. पुण्याला मुलाला, सचिनला, फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “आई, हे छानच आहे, पण तू डोळे दाखवलेस का?” शेवटी त्या ज्येष्ठ नागरिकांच्या सभागृहाचे चिटणीस अण्णाजी यांच्याकडे गेल्या.

अण्णाजींनी चष्मा पुसला, विषय वाचला, परत चष्मा पुसला.

“हे स्लाव्ह म्हंजे कोण जी? आपल्या तालुक्यात त्याईची किती घरं आहेत?”

“तालुक्यात नाहीत अण्णाजी. रशिया, पोलंड, युक्रेन...”

अण्णाजींनी हात वर केला. “युक्रेन? नाई जमत. तिथं लढाई सुरू आहे. उद्या कोनी म्हणन, पुलगावच्या म्हाताऱ्याईनं एकाची बाजू घेतली. गाव डेपोचं आहे बाई, जपून राहा लागते.”

“अहो, दीड हजार वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा हे सगळे एकच होते.”

“असं बोलू नका!” अण्णाजींनी दाराकडे पाहिलं. “त्याच्यावरूनच तर भांडण आहे त्याईचं.”

बरीच वाटाघाट झाली. सभागृहाच्या नियमात व्याख्यानाचे तीनच प्रकार होते: आरोग्य, अध्यात्म आणि कायदा. ‘इतर’ला कार्यकारिणीची बैठक लागे आणि बैठकीला कार्यकारिणी लागे, तिच्यातले निम्मे मुलांकडे अमेरिकेत होते. अण्णाजींनी मग विचारलं, “तुमच्या भाषणात साखर, मीठ, असं कायी येते काय?” सुलोचनाबाई उजळल्या. मीठ तर त्यांच्या भाषणाचा गाभाच होता! “झालं तर,” म्हणून अण्णाजींनी ‘आरोग्य’वर बरोबरची खूण केली. “पण ऐकनारे तुमी आणजा. मागच्या वेळी दमा या विषयाले मी आन् डॉक्टर, दोघंच होतो. डॉक्टरले दमा होता.”

ऐकणारे आणायचे कुठून? हा प्रश्न शेजारच्या शोभाबाईंनी सोडवला आणि तिथूनच सगळं हाताबाहेर गेलं.

शोभाबाई म्हणजे कॉलनीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. निवडणूक कधी झाली नव्हती. त्यांच्यासमोर उभं कोण राहणार? कंपाऊंडच्या भिंतीवर कोपर ठेवून त्या म्हणाल्या, “कोजागिरीले आपल्या भुलाबाईचा समारोप आहे. सभागृह आमीच घेतलं. गाणे झाले की तू उभी राह्य. खिरापत त्याच्यानंतर.”

“गाण्यांनंतर? मग बायका निघून नाही जायच्या?”

“खिरापत ओळखल्याबिगर कोन जाते वो? दाराले कडी लावाचं कामच नाई.”

विदर्भात वाढलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून मातीचे भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, मांडायचे, पोरींनी टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापतीचा झाकलेला डबा पुढे यायचा. तो उघडायचा नाही. कानाशी धरून हलवायचा आणि नुसत्या आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. खडखडतं, सळसळतं की धप् आपटतं? सगळ्या हरल्या, तर डबेवालीची वर्षभर ऐट. आता पोरी शिकवणीला जातात, म्हणून त्यांच्या आया आणि आज्याच डबे हलवतात; पण चुरस तीच. सुलोचनाबाई लहान होत्या तेव्हा त्यांच्या आईने एकदा डब्यात नुसता खडीसाखरेचा एकच खडा टाकला होता. सारी गल्ली रात्र पडेपर्यंत अडून बसली होती. शोभाबाई तर कधीच हरल्या नव्हत्या. त्यांच्याकडे केळझरच्या माहेराहून आलेला पितळी डबा होता, जाड आणि घट्ट झाकणाचा, आतला आवाज बाहेर येऊ न देणारा.

सुलोचनाबाईंचं मन थोडं दुखावलं. आपलं संशोधन खिरापतीच्या भरवशावर उभं राहणार! पण श्रोते मिळत होते. सुलोचनाबाईंनी भाषणाचे कागद पुन्हा नीट लिहून काढले.

मग बॅनर. बॅनर नको, असं त्या म्हणाल्या होत्या. पण शोभाबाईंनी मुकेशला सांगून टाकलं होतं. मुकेशचं स्टेशनरोडवर फ्लेक्सचं दुकान; वाढदिवस, दहावीचे निकाल आणि श्रद्धांजली एकाच फुलांच्या चौकटीत बसवण्यात त्याचा हातखंडा. त्याने बाईंचा कागद निरखला.

“काकू, हे शब्दावर स्टार काऊन आहेत?”

“ते महत्त्वाचे आहेत. स्टार म्हणजे आपण खात्री देत नाही.”

“मालूम आहे न.” मुकेशला एकदम सगळं कळलं. “टेन्शन घेऊ नका.”

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या व्यासपीठावर, लोखंडी चौकटीत ताणलेला, भिंतभर बॅनर उभा राहिला. एका बाजूला सुलोचनाबाईंचा ओळखपत्रावरचा जुना फोटो मोठा केलेला, त्यात त्या फरार असल्यासारख्या दिसत होत्या. दुसऱ्या बाजूला रशिया म्हणून एक रॉकेट. मधे ठळक अक्षरांत ‘स्लाव्ह विशेषणांचा भव्य उगम*’. आणि खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत ‘*अटी व शर्ती लागू’.

“काकू, स्टार दिला का खाली हे टाकाच लागते,” मुकेश म्हणाला. “नाईतर गिऱ्हाईक भांडते.”

सुलोचनाबाई रागावणार होत्या, पण तो कोपरा त्यांनी दोनदा वाचला. सांगायचं म्हणजे, विद्वानांच्या ग्रंथांत त्या ताऱ्याचा अर्थ इतक्या थोडक्यात कुणी सांगितलेला त्यांनी वाचला नव्हता.

कोजागिरीच्या संध्याकाळी सभागृह भरलं. भुलाबाई ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसल्या. चारसहा म्हातारे पुढच्या रांगेत रक्ताचे रिपोर्ट घेऊन आले होते, कारण अण्णाजींनी फळ्यावर ‘आरोग्यविषयक: साखर व मीठ’ असं लिहिलं होतं. हेमराज शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले; बायकोचं बोलणं ऐकायची परवानगी आहे की नाही, याचा त्यांना अजून अंदाज नव्हता. गाणी झाली. शोभाबाईंनी पितळी डबा व्यासपीठावरच्या टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. मग सुलोचनाबाई उभ्या राहिल्या.

“आदिस्लाव्ह भाषेतील विशेषणांचे उगमदृष्ट्या तीन वर्ग पडतात,” त्यांनी वाचायला सुरुवात केली.

पहिल्या कागदावर बायका शांत होत्या. दुसऱ्या कागदावर पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. “आपल्या विमानाचं नाव सुखोई, त्या आडनावाचा अर्थ ‘सुका’, आपल्या ‘शुष्क’चाच तो नातेवाईक,” हे त्या मोठ्या उमेदीने म्हणाल्या, तेव्हा एका आजोबांनी “शुगर किती पायजे?” असं विचारलं. तिसऱ्या कागदाच्या वेळी साऱ्या सभेचे डोळे डब्यावर होते. हर्षा आणि भावना या दोघी सख्ख्या बहिणी, एकाच गावात दिलेल्या, मधल्या रांगेत आईच्या सांबारवडीवरून, म्हणजे कोथिंबीरवडीवरून, आपसात भांडू लागल्या होत्या.

“मायच्या सांबारवडीत खोबरं राह्यचं.”

“खसखस राह्यची! तू होती काय सैपाकघरात? तू तं झाडावर राह्यची.”

सुलोचनाबाईंचा आवाज बारीक होत गेला. इतकी वर्षं न बोलण्याची सवय, आणि आता बोलायची वेळ आली तर ही अवस्था. चौथा कागद त्यांनी उचलला, पण पुढे वाचवेना. कागद खाली ठेवून आपण सरळ घरी जावं, असं त्यांच्या मनात आलं.

आणि बॅनर पडला.

मुकेशने चौकट सुतळीने खिडकीला बांधली होती आणि खिडकी कुणीतरी हवेसाठी उघडली. चौकट सावकाश, सभ्यपणे पुढे झुकली. सुलोचनाबाई बाजूला झाल्या म्हणून वाचल्या. त्यांचा स्वतःचा अवाढव्य फोटो टेबलावर कोसळला, डबा उडाला, फरशीवर आपटला आणि गडगडत भुलाबाईच्या पायाशी जाऊन थांबला.

“अवं माय! माहा डबा!” शोभाबाई धावल्या.

डबा फुटला नव्हता. पण काठ चेपला होता आणि झाकण असं बसलं होतं की हलेना. अण्णाजींनी ओढून पाहिलं. मुकेशने पेचकस घातला, पेचकस वाकला.

“राहू द्या,” मागून कुणीतरी ओरडलं. “उघडन तवा उघडन. आधी ओळखा तं खरं!”

मग काय! डबा हातोहात फिरू लागला. बायका कानाशी धरत, डोळे मिटत, हलवत. धप् होत नाही, म्हणजे लाडू नाहीत. सळसळत नाही, म्हणजे चिवडा नाही. दाणे म्हणावेत तर आवाज जड. कोपरे आपटल्यासारखे वाटतात. हर्षाने फार वेळ कान लावला आणि म्हणाली, “शंकरपाळे.” भावनाही म्हणाली, “शंकरपाळे.” दोघी सहमत झाल्या हे पाहून सगळ्यांना ते पटलं.

शोभाबाईंचा चेहरा पडला; पण त्या हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. “शंकरपाळे बराबर. पण गोडाचे का खाराचे? पुरं सांगा. अर्ध्याले मान नाई.”

सभागृह उभं चिरलं. गोडाच्या बाजूला हर्षा, खाराच्या बाजूला भावना. डबा पुन्हा फिरला. गोड जरा दमदार वाजतात, असं एकीचं म्हणणं; खारट कुरकुरीत वाजतात, असं दुसरीचं. पण आवाज तर एकच येत होता. रिपोर्टवाले आजोबाही आता उठून उभे राहिले होते.

सुलोचनाबाई पडलेल्या बॅनरच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी ते सारं पाहिलं आणि त्यांना एकदम हसू आलं. कागद त्यांनी तिथेच ठेवले.

“अवं बायांनो, थांबा जरा!” त्या म्हणाल्या. भाषणातली भाषा गळून पडली होती. “मी दोन वर्षांपासून हेच तं करून राह्यली!”

सगळ्या वळल्या.

“एक बाई होती. लई जुनी. तिनं डबा भरला आणि मरून गेली. लिहिता येत नव्हतं तिले. तिच्या लेकी राह्यल्या. एक रशियात दिली, एक पोलंडात, एक बल्गेरियात. मी त्याईले विचारते, तुमच्या मायनं काय भरलं होतं? ह्या हर्षा-भावनावानी त्या भांडतात. एक म्हणते खोबरं, एक म्हणते खसखस. पण सांबारवडीत सांबार होता, हे तं दोघीही म्हणतात न?”

“हो!” हर्षा-भावना एका आवाजात म्हणाल्या.

“मंग सांबार मायचा. जे साऱ्या लेकी सांगतात, ते मायचं. ते मी लिहिते आणि त्याच्यावर स्टार काढते. कारण माय तं आता सांगाले येत नाई.”

“आन् गोड का खार?” शोभाबाईंनी विचारलं. डबा त्यांनी पोटाशी धरला होता.

“तेच तर! आवाजावरून आकार ओळखता येते, चव नाई ओळखता येत. त्या साऱ्या लेकींचा गोडासाठी एकच शब्द आहे. स्लाद्की म्हणा, स्वोत्की म्हणा, स्लादक म्हणा. पण पोटात शिरून पाहिलं तर त्याचं नातं मिठाशी निघते. मीठ घातलेलं ते चवदार, चवदार ते गोड, असं जाणकार म्हणतात. त्या लोकाईनं मिठातून गोड काढलं.”

“काहीबाहीच,” एक आजोबा म्हणाले.

“काहीबाही? आपण काय केलं मग? आपले हिंदीवाले शेजारी ‘मीठा’ कशाले म्हणतात?”

“गोडाले,” सभा म्हणाली.

“आन् आपण ‘मीठ’ कशाले म्हणतो?”

दोघीतिघींनी ते दोन शब्द पुटपुटून पाहिले. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “अगं बाई.”

“शब्द एकच, जुना, गोडाचा. त्याईनं गोडाचा ठेवला, आपण तोच खारट केला. तिकडे मिठाचं गोड झालं, इकडे गोडाचं मीठ.”

अण्णाजी पेचकस हातात धरून उभे होते. ते काळजीने म्हणाले, “पण बाई, त्या पहिल्या मायच्या डब्यात खरं काय होतं, हे कधीच मालूम नाई पडत?”

“नाई. तो डबा उघडतच नाई.”

“मंग तुमाले झोप कशी लागते?”

“स्टार काढते आणि झोपते,” सुलोचनाबाई म्हणाल्या आणि सभागृह हसलं. शेवटच्या रांगेतले हेमराजही हसले; ते बाईंनी पाहिलं.

तेवढ्यात अण्णाजींनी एका बाजूने आणि मुकेशने दुसऱ्या बाजूने डबा ओढला. झाकण उडालं आणि शंकरपाळे व्यासपीठभर सांडले. बशा घरी राहिल्या होत्या. जमेल तितके निवडून अण्णाजींनी हाताशी आलेले कागद भराभर वाटले आणि त्यावर मूठ मूठ घातले. ते भाषणाचे कागद आहेत, हे सुलोचनाबाईंच्या लक्षात आलं तेव्हा पहिला वर्ग हर्षाकडे आणि तिसरा वर्ग रिपोर्टवाल्या आजोबांकडे पोचला होता. कागद परत मागायला त्यांनी हात पुढे केला. मग त्यांनीही एक शंकरपाळा तोंडात टाकला आणि थांबल्या.

सगळेच थांबले होते.

“हे गोड आहेत,” हर्षा म्हणाली.

“खारट आहेत,” भावना म्हणाली.

“दोन्ही आहेत वो,” अण्णाजी म्हणाले.

सगळ्यांनी शोभाबाईंकडे पाहिलं. “काय करू?” त्या पदराने घाम टिपत म्हणाल्या. “साखर म्हणून मिठाच्या डब्यात हात गेला. तळल्यावर मालूम पडलं. मंग वरून पाक चढवला. म्हणूनच तं मनात म्हणलं, कोनी ओळखूच नाई शकत!”

त्या दिवशी हरलं कोण, याचा निकाल मंडळात अजून लागलेला नाही. शंकरपाळे मात्र संपले. कागदही गेले, तेलाचे डाग पडलेली विशेषणं घेऊन बायका दूध आटवायला आपापल्या घरी पांगल्या.

सुलोचनाबाईंना वाटलं होतं, झालं, विसरतील. पण भाजीवाल्याने वांगी ताजी आहेत म्हटलं, तर भावना म्हणाली, “स्टार लाव त्याले.” पाणी उद्या सहाला येणार, असं अण्णाजींनी फळ्यावर लिहिलं आणि सहाच्या डोक्यावर स्वतःच एक चांदणी काढली. शोभाबाई भिंतीवरून म्हणाल्या, “तुहा सचिन दिवाळीले येते म्हणतो न?” आणि उत्तराची वाट न पाहता पुढे म्हणाल्या, “स्टार.” हे सुलोचनाबाईंना लागायला हवं होतं; पण त्या इतक्या हसल्या, की हातातली बादली खाली ठेवावी लागली.

आणि मग एका संध्याकाळी हेमराजनी चहा ठेवला. दोन कप टेबलावर आणले, कोश जरासे बाजूला सारले आणि समोर बसले. कपाच्या कानाशी बराच वेळ बोट फिरवत राहिले.

“काय वं,” ते म्हणाले, “आज कोणता शब्द पाहून राह्यली?”

सुलोचनाबाई उठल्या. जुन्या सवयीने त्यांनी आधी दार लावून घेतलं, कडी घातली, आणि परत येऊन बसल्या. मग स्वतःशीच हसून पुन्हा उठल्या. जाऊन त्यांनी ते दार सताड उघडलं, भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात खाकरल्या आणि म्हणाल्या, “हलका.”